खेळाडू ‘फोडणं’ म्हणजे नेमकं काय? करार, एनओसी आणि एका फोनची किंमत

२०२६ च्या आयपीएल हंगामाआधी रवींद्र जडेजा राजस्थान रॉयल्सकडे परत गेला. चेन्नई सुपर किंग्जने त्याला आणि सॅम करनला राजस्थानकडे सोपवलं आणि संजू सॅमसनला आपल्याकडे घेतलं. जडेजाचं मानधन १८ कोटींवरून १४ कोटींवर आलं. क्रिकेटप्रेमींनी चार दिवस चर्चा केली, पण नियम मोडला असं कुणीच म्हणालं नाही.

हाच जडेजा २१ वर्षांचा असताना, २०१० मध्ये, आयपीएलचा अख्खा हंगाम घरी बसला होता. त्याच्यावर एक वर्षाची बंदी होती. राजस्थान रॉयल्सने पुढे केलेल्या नूतनीकरणाच्या करारावर सही न करता त्याने मुंबई इंडियन्सशी परस्पर बोलणी करण्याचा प्रयत्न केला, असा त्याच्यावर ठपका होता. त्याने दाद मागितली, पण उपयोग झाला नाही.

खेळाडू तोच. दोन्ही वेळा विषयही एकच, संघ बदलण्याचा. मग एकदा बंदी आणि एकदा टाळ्या, असं का? या प्रश्नाचं उत्तर कळलं की व्यावसायिक खेळातला ‘टॅम्परिंग’चा नियम कळतो. आणि आपल्या भागातली मुलं-मुली आता लीगमध्ये, अकादमीत, क्लबात सह्या करू लागली आहेत, त्यामुळे तो घरोघरी कळायला हवा.

आधी शब्द समजून घेऊ

टॅम्परिंग म्हटलं की आपल्याला चेंडू कुरतडणं आठवतं. इथं अर्थ वेगळा आहे. दुसऱ्या संघाशी करार असलेल्या खेळाडूला किंवा प्रशिक्षकाला, त्या संघाच्या परवानगीशिवाय, आपल्याकडे ओढण्याचा प्रयत्न करणं म्हणजे टॅम्परिंग. साध्या मराठीत, माणूस फोडणं. आमदार फोडणं म्हणजे काय ते बेळगावच्या काय किंवा पणजीच्या काय, कुठल्याच वाचकाला शिकवावं लागत नाही.

त्याहून जवळचं उदाहरण ऊसतोडीचं. मुकादमानं एका कारखान्याची उचल घेतली, टोळी ठरली, आणि हंगाम तोंडावर आल्यावर दुसऱ्यानं जास्त उचल दाखवून तीच टोळी पळवली, तर गावात काय गोंधळ होतो ते आपण बघतो. पहिला म्हणतो, माझे पैसे अडकले. दुसरा म्हणतो, मी फक्त भाव दिला. मधे सापडतो तो कोयता हातात धरणारा. खेळातही भांडण साधारण असंच असतं. फरक एवढाच की इथं कागद जाड असतो आणि निवाडा करायला लीग बसलेली असते.

आयपीएलमध्ये कोण कुणाशी बोलू शकतं?

आयपीएलमध्ये संघात यायचे मुख्य रस्ते ठरलेले आहेत: लिलाव, जुन्या संघाने कायम ठेवणं, दोन संघांमधली अदलाबदल म्हणजे ट्रेड, आणि कुणी जखमी झालं तर बदली खेळाडू. यात खेळाडूने स्वतः चार संघांना फोन लावून भाव ठरवायचा, असा रस्ता नाही.

ट्रेडची मुदत ठरलेली असते. त्या मुदतीतही बोलणी संघ आणि संघ यांच्यात होतात, लीगला कळवून होतात. सध्याच्या संघाची मान्यता लागते आणि खेळाडूची संमतीही लागते. पालघरचा शार्दूल ठाकूर २०२६ च्या हंगामाआधी लखनऊकडून २ कोटींना मुंबई इंडियन्सकडे आला आणि अर्जुन तेंडुलकर ३० लाखांना मुंबईकडून लखनऊला गेला, ते याच रस्त्याने. जडेजा राजस्थानला परतला तोही याच रस्त्याने. २०१० मध्ये नेमक्या याच पायऱ्या गाळल्या गेल्या होत्या.

एवढी कडक शिस्त कशासाठी? कारण सगळ्या संघांना खर्चाची मर्यादा सारखी आहे. २०२५ च्या मोठ्या लिलावात प्रत्येक संघाला १२० कोटींची मर्यादा होती. आता समजा, एखाद्या श्रीमंत मालकाने दुसऱ्या संघातल्या पोराला आतून सांगितलं, “तू तिथं सही करू नकोस, पुढच्या वर्षी तुझं बघून घेतो,” तर त्या मर्यादेला अर्थ उरत नाही. कागदावर सगळे सारखे, आणि मैदानावर ज्याची थैली मोठी त्याचंच राज्य. ते होऊ नये म्हणून हा नियम.

पण दुसरी बाजूही बघायला हवी. २००८ मध्ये पहिल्या आयपीएलच्या वेळी १९ वर्षांखालील विश्वविजेत्या संघातली मुलं खुल्या लिलावात नव्हती. त्यांच्यासाठी वेगळी निवड होती आणि रक्कम ठराविक होती. जडेजा त्यातूनच राजस्थानकडे गेला. दोन हंगाम खेळून तो नावारूपाला आला, पण बाजारात आपला भाव काय हे विचारायची सोय त्याला नव्हती. बंदी संपल्यावर तो भाव दिसला. २०११ च्या लिलावात कोची टस्कर्सने त्याला साडेनऊ लाख डॉलरला घेतलं आणि २०१२ मध्ये चेन्नईने २० लाख डॉलर मोजले. म्हणजे त्याला वाटत होतं ते चूक नव्हतं. त्यासाठी धरलेली वाट चुकली. आणि त्या वाटेची किंमत उमेदीच्या वयातला एक हंगाम एवढी झाली.

शब्द देऊन मागे फिरलं तर?

करार दोन्ही बाजूंना बांधतो. लिलावात नाव द्यायचं, संघानं पैसे राखून ठेवायचे, आणि हंगाम तोंडावर आल्यावर खेळाडूने ‘जमत नाही’ म्हणायचं, हे वाढल्यावर आयपीएलने २०२५ च्या मोठ्या लिलावाआधी नवा नियम आणला. लिलावात विकला गेलेला खेळाडू हंगामाआधी पुरेशा कारणाशिवाय माघार घेईल, तर दोन हंगाम बंदी.

इंग्लंडच्या हॅरी ब्रुकला त्याचा फटका बसला. दिल्ली कॅपिटल्सने त्याला सव्वासहा कोटींना घेतलं होतं. त्याने मार्च २०२५ मध्ये माघार घेतली आणि दोन वर्षांसाठी आयपीएलचं दार बंद झालं. दुखापत किंवा आजारपण असेल तर गोष्ट वेगळी, पण तेही मायदेशाच्या बोर्डाने खरं ठरवावं लागतं.

मुंबई सोडून गोव्यात: एनओसीचा खेळ

लीगच्या बाहेर, रणजीसारख्या स्पर्धांत, फ्रँचायझी नसते. राज्याची संघटना असते. तिथं टॅम्परिंगऐवजी शब्द ऐकू येतो तो एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला. एका संघटनेकडून दुसरीकडे जायचं तर जुन्या संघटनेचा हा दाखला लागतो.

गोव्याच्या वाचकांनी हे जवळून पाहिलंय. मुंबईत संधी मिळत नव्हती म्हणून अर्जुन तेंडुलकर २०२२-२३ च्या हंगामात गोव्याकडे आला आणि पर्वरीला राजस्थानविरुद्ध पहिल्याच रणजी सामन्यात त्याने शतक ठोकलं. सिद्धेश लाडही त्याच हंगामात मुंबईहून गोव्याकडे आला आणि नंतर परत गेला. २०२५ मध्ये पृथ्वी शॉ मुंबई सोडून महाराष्ट्राकडे गेला.

सगळ्यात गाजलं ते यशस्वी जयस्वालचं प्रकरण. एप्रिल २०२५ मध्ये त्याने गोव्याकडून खेळण्यासाठी मुंबई क्रिकेट असोसिएशनकडे एनओसी मागितली. ती मिळालीही. पुढच्याच महिन्यात त्याने विचार बदलला आणि एनओसी मागे घ्या असं पत्र दिलं. संघटनेने ते मान्य केलं आणि तो मुंबईचाच राहिला. इतकं होऊनही कुणावर बंदी आली नाही, कारण प्रत्येक पाऊल लेखी होतं. जाणार तेही लिहून, राहणार तेही लिहून. जडेजाच्या २०१० च्या प्रकरणाशेजारी हे ठेवून बघा, फरक लगेच दिसेल.

फुटबॉलमध्ये सहा महिन्यांचा नियम

फुटबॉलमध्ये लिलाव नाही, तिथं क्लब थेट खेळाडूशी बोलतो. म्हणून तिथला नियम जास्त नेमका आहे. फिफाचं म्हणणं असं: दुसऱ्या क्लबशी करार असलेल्या व्यावसायिक खेळाडूशी बोलणी सुरू करण्याआधी त्या क्लबला लेखी कळवा. आणि खेळाडूने नव्या क्लबशी करार करायचा तर जुना करार संपलेला हवा किंवा सहा महिन्यांत संपणारा हवा.

ही सहा महिन्यांची सवलत म्हणजे खेळाडूचा हक्क आहे. शेवटच्या सहा महिन्यांत पुढची सोय बघितली म्हणून तो गद्दार ठरत नाही. समाजमाध्यमांवर पाठीराखे शिव्या घालतात ती गोष्ट निराळी. पूर्वी युरोपात करार संपला तरी जुना क्लब पैसे घेतल्याशिवाय सोडत नसे. बेल्जियमचा ज्याँ-मार्क बोसमन कोर्टात गेला आणि १९९५ च्या निकालानं ती प्रथा मोडली.

करार मधेच मोडला तर काय? त्यासाठी फिफाने ‘संरक्षित काळ’ ठरवलाय. २८ वर्षं पूर्ण होण्याआधी सही केली असेल तर पहिली तीन वर्षं, त्यानंतर केली असेल तर दोन. या काळात योग्य कारणाशिवाय करार मोडला तर भरपाई तर द्यावी लागतेच, शिवाय साधारण चार महिन्यांची बंदी येऊ शकते. खेळाडूला उचकवणाऱ्या क्लबला दोन ट्रान्सफर विंडो नवे खेळाडू नोंदवता येत नाहीत.

भारतात याचं मोठं उदाहरण म्हणजे बचावपटू अन्वर अली. गोव्याच्या पाठीराख्यांना तो ओळखीचा, कारण दिल्ली एफसीकडून तो आधी एफसी गोव्याला लोनवर आला होता. नंतर दिल्ली एफसीनं त्याला मोहन बागानला चार वर्षांच्या लोनवर दिलं. २०२४ मध्ये त्याने तो करार मोडला आणि ईस्ट बंगालशी सही केली. फिफाच्या नियमात लोन एका वर्षापेक्षा जास्त नसतं, हा त्याच्या बाजूचा मुद्दा. मोहन बागान म्हणे, सही केली होती ती पाळा.

सप्टेंबर २०२४ मध्ये भारतीय फुटबॉल फेडरेशनच्या समितीनं निकाल दिला: अन्वरला चार महिने बंदी, ईस्ट बंगाल आणि दिल्ली एफसीला दोन विंडो खेळाडू नोंदवायला मनाई, आणि तिघांनी मिळून मोहन बागानला १२ कोटी ९० लाखांची भरपाई. प्रकरण लगेच दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. फेडरेशनने आदेश मागे घेऊन नव्याने सुनावणीची तयारी दाखवली आणि अन्वर ईस्ट बंगालकडून मैदानात उतरला. आपल्याकडे नियम कागदावर स्पष्ट असतो, पण निवाड्याची पद्धत कच्ची असली की सगळं अधांतरी राहतं, ते असं.

जगातही हा नियम हलतोय. ऑक्टोबर २०२४ मध्ये युरोपियन युनियनच्या न्यायालयाने फ्रान्सच्या लासाना दियाराच्या खटल्यात फिफाचे काही नियम युरोपीय कायद्यात बसत नाहीत असं सांगितलं. लोकोमोटिव्ह मॉस्कोशी करार तुटल्यावर दियारावर १ कोटी ५ लाख युरोची भरपाई बसली होती. त्याला घेणाऱ्या नव्या क्लबच्या डोक्यावरही ती आपोआप येण्याची भीती होती, म्हणून त्याचं पुढचं काम अडलं. त्यानंतर फिफाने नियमात बदल केले. नव्या क्लबने खेळाडूला करार मोडायला उचकवलं, हे आता दाखवून द्यावं लागतं. आधी ते गृहीत धरलं जायचं.

प्रशिक्षक फोडला तर?

नियम प्रशिक्षकालाही लागू असतो. याचं सर्वांत मोठं प्रकरण अमेरिकेतल्या एनएफएलचं आहे. मायामी डॉल्फिन्स या संघाने टॉम ब्रेडी दुसऱ्या संघाच्या करारात असताना त्याच्याशी बोलणी केली. जानेवारी २०२२ मध्ये न्यू ऑर्लिन्स सेंट्सचे प्रशिक्षक शॉन पेटन यांच्या एजंटशीही परवानगी न घेता संपर्क साधला. ऑगस्ट २०२२ मध्ये लीगने शिक्षा दिली: पहिल्या फेरीची एक आणि तिसऱ्या फेरीची एक अशा नव्या खेळाडूंच्या दोन निवडी गेल्या, मालक स्टीफन रॉस यांना १५ लाख डॉलर दंड झाला आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत संघापासून लांब राहावं लागलं. म्हणजे तिथं फटका बसला तो बोलावणाऱ्याला.

अमेरिकेत नुसती जाहीर स्तुतीही महागात पडते. बास्केटबॉलच्या लॉस एंजेलिस लेकर्सना २०१८ मध्ये ५० हजार डॉलर दंड झाला. कारण काय, तर त्यांचे पदाधिकारी मॅजिक जॉन्सन दुसऱ्या संघातल्या यानिस आंतेतोकुंपोबद्दल नको तेवढं बोलले. आपल्याकडे समालोचक, माजी खेळाडू, मालक रोज काय काय बोलतात ते आठवा!

भारतात प्रशिक्षकांच्या बाबतीत प्रश्न येतो तो बहुधा दोन खुर्च्यांचा. इंदूरला जन्मलेला, मराठी घरातला राहुल द्रविड भारत अ आणि १९ वर्षांखालील संघांना शिकवत असतानाच दिल्ली डेअरडेव्हिल्सचंही काम बघायचा. हितसंबंधांचा वाद झाल्यावर २०१७ मध्ये त्याने दिल्लीचं काम सोडलं. फुटबॉलमध्ये याच्या उलट झालं. एफसी गोव्याचे मानोलो मार्केझ २०२४ मध्ये राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले, आणि २०२४-२५ च्या हंगामात गोव्याचंही काम बघत राहिले. ते चाललं, कारण क्लब आणि फेडरेशन दोघांनी आधीच होकार दिला होता.

करार संपल्यावर कुणाची मालकी नाही

आता श्रीरामपूरच्या झहीर खानची गोष्ट. त्याच्या जाहिरातींचं काम बघणाऱ्या परसेप्ट डी’मार्क कंपनीशी त्याचा तीन वर्षांचा करार होता. मुदत संपल्यावर दुसऱ्या कुणाची ऑफर आली तर आधी आम्हाला विचारायचं, असं कलम त्यात होतं. कंपनी कोर्टात गेली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मुदत संपल्यानंतर असं बांधून ठेवता येत नाही. भारतीय करार कायद्याच्या २७ व्या कलमात रोजगाराला आडकाठी करणारी अट चालत नाही.

म्हणजे गणित सोपं आहे. करार चालू असेपर्यंत परवानगी लागते, करार संपला की माणूस मोकळा. कुणी म्हणालं, “आम्ही तुला घडवलं, आता आयुष्यभर आमचाच,” तर भावना समजू शकते, पण कायदा त्या बाजूला नाही. फुटबॉलमध्ये घडवणाऱ्या क्लबला प्रशिक्षणाची भरपाई मिळायची वेगळी सोय आहे. ती क्लबांनी आपसात बघायची.

सही करण्याआधी घरात काय बघायचं?

बेळगाव, सावंतवाडी, मडगाव, कोल्हापूर, इंदूर, कुठूनही मूल लीगकडे निघालं असेल तर एवढं तरी बघा:

१. कराराची प्रत हातात घ्या. सही झाली आणि कागद क्लबच्या कपाटात गेला, असं नको. इंग्रजी कळत नसेल तर गावातल्या वकिलाला वाचायला द्या. कोऱ्या कागदावर सही तर नाहीच.

२. मुदतीची शेवटची तारीख आणि ‘ऑप्शन’ शोधा. एक वर्षाचा करार आणि पुढची दोन वर्षं क्लबच्या मर्जीवर, असं असेल तर तुमच्यासाठी तो तीन वर्षांचा आहे असंच समजा.

३. वय १८ च्या आत असेल तर मुलाने एकट्याने केलेला करार आपल्या कायद्यात टिकत नाही, पालक सोबत हवेतच. फुटबॉलमध्ये अशा मुलांचा करार तीन वर्षांपेक्षा जास्त फिफा मानत नाही.

४. पगार थकला तर गप्प बसू नका, पण रागाच्या भरात निघूनही जाऊ नका. फिफाच्या नियमानुसार दोन महिन्यांचा पगार थकला तर क्लबला लेखी नोटीस देऊन १५ दिवसांची मुदत द्यायची. तरी पैसे आले नाहीत तर करार सोडायला ते योग्य कारण ठरतं. नोटीस न देता गेलात तर दोषी तुम्हीच ठरू शकता.

५. ‘मेडिकल झाल्यावर करार लागू’ अशी अट फुटबॉलमध्ये चालत नाही. मेडिकल करायचं ते सहीच्या आधी.

६. दुसऱ्या संघाचा फोन आला तर एकच उत्तर द्या: “माझ्या क्लबशी बोला.” व्हॉट्सअ‍ॅपवर आकडा विचारू नका, सांगू नका. तो स्क्रीनशॉट उद्या चौकशीत पुढे येतो. एजंट तुमच्या वतीने बोलला तरी त्याचा जाब तुम्हालाच विचारला जातो.

फोन करणारा बहुतेक वेळा मोठा असतो, आणि उचलणारा विशीतला. जडेजा पुन्हा उभा राहिला, कारण तो जडेजा होता. २०१० मध्ये बुडालेला हंगाम मात्र त्यालाही परत मिळाला नाही. आपल्या गल्लीतल्या पोराला तर कदाचित दुसरी संधीच मिळणार नाही. म्हणून पुढच्या वेळी घरात कुणी म्हणालं, “मोठ्या क्लबचा फोन आलाय,” तर पेढे आणायच्या आधी एक प्रश्न विचारा: सध्याचा करार कधी संपतो?